त्याच दारातून परत

तैवानची गायिका तेरेसा तेंग परत का गेली, हा प्रश्न काल रात्रीपासून डोक्यातून हलत नाहीये. परत म्हणजे जपानला, जिथून तिला बाहेर काढलं होतं त्याच जपानला.

माझं झालं काहीच नाही खरं तर. इथे जपानमध्ये राहण्याचं कार्ड रिन्यू करायचं होतं, नेहमीचं काम, खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उलटसुलट केला, माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, मग आतून एका साहेबांना बोलावलं आणि दोघांनी मिळून परत तेच केलं. "जरा बसा" म्हणाले. बसले. नंतर काम झालं, वर दोघंही वाकून माफी मागून गेले, कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. पण त्या खुर्चीत बसल्यावर पोटात जो गोळा आला तो टोक्योत आमच्या निशीकासाईला उतरून, भाजी घेऊन, भात लावून, जेवण झालं तरी गेला नाही. इतकी वर्षं इथे राहायचं, टॅक्स भरायचा, कुठला कचरा कुठल्या वारी ते पाठ करायचं, शेजारच्या आजींच्या दुखण्याखुपण्याची चौकशी त्यांच्या भाषेत करायची आणि एका फोटोवर सगळं अडायचं. समीर म्हणाला अगं रुटीन असतं ते. असेल. आईचा फोन आला, तिला काही सांगितलं नाही, तिचं तिला पुरेसं आहे सध्या.

मग मीनलताईने पाठवलेली तेरेसाच्या गाण्यांची जुनी लिस्ट लावली आणि ऐकता ऐकता तिचं ते १९७९ आठवलं.

फेब्रुवारी १९७९. ती २६ वर्षांची. इंडोनेशियाचा पासपोर्ट दाखवून जपानमध्ये आली आणि पकडली गेली, काही दिवस इमिग्रेशनच्या ताब्यात, मग देशाबाहेर, वर एक वर्ष यायला बंदी. पेपरांत बोभाटा, तैवानमध्येही टीका. चूक तिची होतीच, ते मी नाकारत नाही. पण १९७२ मध्ये जपानने चीनला मान्यता देऊन तैवानशी संबंध तोडले, त्यानंतर तैवानचा पासपोर्ट घेऊन देशोदेशी गाण्याचे कार्यक्रम करत फिरणं किती कटकटीचं झालं असेल. जिच्या आवाजाला कुठेच अडवता येत नव्हतं तिला स्वतःला प्रत्येक काउंटरवर कागद दाखवावे लागत होते. काल हे जरा जास्तच कळलं.

आणि जपानमध्ये तिचं नाव झालं ते कशाने, तर विमानतळावरच्या गाण्याने! ती आली तेव्हा तैवान, हाँगकाँगमध्ये आधीच मोठी होती, १४ व्या वर्षी पहिली रेकॉर्ड निघालेली. इथे मात्र १९७४ च्या मार्चमध्ये नवशिकी म्हणून पहिल्यापासून सुरुवात, गोड गोड मुलीचं गाणं दिलं, ते पडलं. मग कंपनीने बाजच बदलला, जुलैमध्ये 'कूको' (म्हणजे विमानतळ) आलं, प्रियकराला सोडून विमानाने निघालेल्या बाईचं गाणं, आणि वर्षाअखेर जपान रेकॉर्ड अवॉर्ड्समध्ये नव्या कलाकाराचा पुरस्कार. तिथून तिच्या वाट्याला अशाच बायका आल्या. वाट बघणाऱ्या, सोडून जाणाऱ्या, दुसऱ्या कुणाच्या नवऱ्यावर प्रेम करणाऱ्या. शब्द दुसऱ्याचे, भाषा शिकलेली, आणि तरी प्रत्येक अक्षर इतकं जपून म्हणते की मला ऐकताना पुण्यातला आमचा जपानीचा वर्ग आठवतो, उच्चार चुकू नये म्हणून आम्ही सगळे किती जीव तोडून बोलायचो.

पण माझा प्रश्न तोच. परत का?

तिला गरज नव्हती हो. बंदीनंतर ती अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेली, शिकली, तिकडे गायली. त्याच काळात चीनमध्ये तिच्या कॅसेटा कॉपी होऊन होऊन घराघरांत पोचत होत्या, सरकारला पसंत नसताना. दिवसा म्हाताऱ्या तंगचं ऐकायचं, रात्री छोट्या तंगचं, असं लोक म्हणायचे, म्हणजे दिवसा चीनचे नेते तंग श्याओफिंग आणि रात्री ही. आडनाव एकच ना. (तेंग आणि तंग एकच, मला तेंगची सवय झालीय.) एवढे कोटी लोक ऐकणारे, आणि जिथे तिने आयुष्यात एकदाही कार्यक्रम केला नाही त्या देशात. मग ज्यांनी खुर्चीत बसवून ठेवलं त्यांच्याकडे कशाला जायचं? मी असते तर नसते गेले. काल रात्री तर मी समीरला म्हटलंही की बास, आता परत जाऊ या घरी, आणि मग दोघंही गप्प. घर म्हणजे आता नेमकं कुठलं ते राहू दे.

१९८४ च्या जानेवारीत तिचं नवं गाणं आलं, नव्या कंपनीकडून. ज्या माणसाने तिला पहिल्यांदा जपानला आणलं तो जुनी कंपनी सोडून तिथे गेला होता, त्यानेच बोलावलं. म्हणजे एक तरी माणूस होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गाणं काही लगेच उचललं गेलं नाही. बारमध्ये, छोट्या हॉटेलांत तेव्हा केबलवरून गाणी वाजायची, लोक फोन करून फर्माईश करायचे, तिथून ते हळूहळू वर चढलं. रात्री उशिरा कामावरून सुटलेली माणसं, एकटी बसलेली, तिला मागून घेत होती. आणि १९८४, ८५, ८६, सलग तीन वर्षं केबलचा सगळ्यात मोठा पुरस्कार तिला. आधी कुणालाच जमलं नव्हतं असं.

आता लिहिता लिहिता वाटतंय, मी प्रश्नच माझ्या सोयीचा विचारतेय. मी धरून चाललेय की ती त्या देशाकडे परत गेली, त्याने आपलं म्हणावं म्हणून. ती कदाचित गाण्याकडे गेली असेल, त्या फर्माईश करणाऱ्या माणसांकडे. जपानी टीव्हीवर वर्षअखेरीला गाण्यांचा मोठा कार्यक्रम असतो, त्या कोहाकूमध्ये पहिल्यांदा उभी राहिली १९८५ ला, तर जपानी गाणं गायली पण जुन्या चिनी राणीच्या थाटात नटून. कोण आहे हे लपवायला ती आलीच नव्हती. आणि १९८९ च्या मे मध्ये हाँगकाँगला, बीजिंगमध्ये लोकशाहीसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी गायला उभी राहिली तेव्हाही तिला कुणाची परवानगी लागली नाही. पुढचं, तिचं पॅरिसला राहणं, थायलंडच्या च्यांग मायला दम्याने ४२ व्या वर्षी जाणं, ते आज नको.

तर बाईंनी फोटो दोनदा बघितला. बघू देत. त्यांचं काम ते, आणि पुढच्या वेळी परत बघतील. मला ते आवडणार नाही, तेव्हाही पोटात गोळा येईल, आणि मी जाईन. प्रोजेक्ट माझा आहे, टीममधली ती दोन नवी मुलं माझ्याकडूनच शिकतायत, आणि आजींनी काल दारात मुळे ठेवलेत, त्यांचं लोणचं घालून त्यांना द्यायचंय.

शुक्रवारी ऑफिसच्या लोकांबरोबर काराओके आहे. 'कूको'च म्हणणार. दुसरं कडवं अजून नीट बसत नाहीये, समीरला सांगितलंय की उद्या रात्री बसून ऐक.