शाळेच्या आवारातले होर्डिंग

13 मे 2024 रोजी, सोमवारी, वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या एका पेट्रोल पंपावर 120 बाय 120 फुटांचे होर्डिंग कोसळले आणि 17 माणसे दगावली. मुंबईत 40 बाय 40 फुटांपेक्षा मोठ्या फलकाला परवानगी मिळत नाही, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. दुसऱ्याच दिवशी आमच्या आयुक्तांनी हद्दीतील सर्व फलकांची सात दिवसांत जागेवर जाऊन तपासणी करण्याचे आदेश काढले. पश्चिम महाराष्ट्रातील एका महानगरपालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात, म्हणजे जाहिरात फलकांना परवाने देणाऱ्या विभागात, मी परवाना निरीक्षक आहे. गुरुवारी, 16 मे रोजी, माझ्या वाट्याला जी यादी आली तिच्यातले चौथे नाव आमच्याच एका प्राथमिक शाळेचे होते.

त्या जागेबद्दल आधी थोडे सांगितले पाहिजे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, त्यापूर्वीच्या जकातीची व एलबीटीची (स्थानिक संस्था कराची) वसुली इतिहासजमा झाली आणि राज्यघटनेच्या 101 व्या दुरुस्तीमुळे जाहिरातींवर कर आकारण्याचा अधिकारही राहिला नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 244 व 245 खाली परवानगी देणे आणि तिचे शुल्क घेणे एवढे आमच्या हाती उरले. खाजगी इमारतीवरच्या फलकाचे आम्हाला केवळ परवाना शुल्क मिळते. मात्र फलक महापालिकेच्या जागेवर असेल तर शुल्काच्या जोडीला जागेचे भाडेही मिळते आणि निविदेत चढाओढ झाली तर ते चांगलेच वाढते. म्हणून दरवर्षी अंदाजपत्रकाच्या दिवसांत नव्या जागांचा शोध सुरू होतो. बसथांबे, दुभाजकावरील दिव्यांचे खांब, उद्यानांच्या कुंपणभिंती, पाण्याच्या टाक्या, स्वच्छतागृहे, सगळ्यांची मापे घेतली जातात. हा पैसा वाईट आहे असे मी कधीच म्हणणार नाही. आमच्या शहरातले निम्मे बसथांबे ठेकेदाराने जाहिरातीच्या हक्काच्या बदल्यात बांधून दिले आहेत आणि त्या छपराखाली उन्हापावसात माणसे उभी राहतात.

शाळेच्या आवारातले होर्डिंग 40 बाय 20 फुटांचे होते. चौकातल्या सिग्नलला थांबणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या ते बरोबर समोर येत असे, त्यामुळे आमच्या प्रभागातील सर्वांत जास्त भाडे तेच देत होते. त्याचे चार खांब कुंपणभिंतीच्या आतल्या बाजूला, मुलांच्या पाण्याच्या नळांपासून दहा-बारा पावलांवर उभे होते. भिंतीबाहेर रिक्षाथांबा होता आणि एका बाईंची उसाची रसवंती होती.

माझ्याबरोबर बांधकाम विभागातील एक तरुण कनिष्ठ अभियंता होता. वर पाहण्याआधी तो खाली बसला. खांबाच्या पायाशी साचलेला पालापाचोळा व माती त्याने हाताने बाजूला केली, तेव्हा बेसप्लेट, म्हणजे खांबाखालची लोखंडी बैठक, दिसली. तिला सिमेंटमध्ये पकडून ठेवणारे आठ अँकर बोल्ट प्रत्येक खांबाला होते. पहिल्या दोन खांबांचे बोल्ट जुने असले तरी धड होते. तिसऱ्या खांबाच्या तीन बोल्टना नटच नव्हते आणि उरलेल्यांवर गंजाचे पापुद्रे सुटले होते. पेचकसाच्या टोकाने टोकरले की ते पत्र्याच्या चुऱ्यासारखे हातात येत होते. नळांचे वाहते पाणी उतारामुळे नेमके त्या कोपऱ्यात येऊन मुरत होते. चौथ्या खांबाच्या बुडाशी त्याने पेचकस टेकवून जोर दिला आणि तो आत गेला, अर्ध्या इंचाहून जास्त. खांब बाहेरून नुकताच चंदेरी रंगवलेला होता.

अभियंत्याने वहीत ढोबळ हिशेब मांडला. फलकाचे क्षेत्रफळ सुमारे 74 चौरस मीटर. आयएस 875 या बांधकामांवरील भाराच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर, धरलेला आहे. त्याने तोच आकडा घेतला. त्या वेगाचा वारा समोरून आला तर एकट्या फ्लेक्सवर जवळजवळ सात टनांचा रेटा येतो आणि तो सगळा या बोल्टांनी पेलायचा असतो. वहीतला आकडा त्याने मला मोठ्याने वाचून दाखवला नाही, वही फक्त माझ्यापुढे धरली.

आम्ही खाली बसून काय करतो आहोत हे पाहून रसवंतीवाल्या बाई भिंतीपाशी आल्या. त्यांना मी गाडा काही दिवस बाजूला घ्यायला सांगितले. त्या म्हणाल्या, "साहेब, घाटकोपरचं बघितलं आम्ही टीव्हीवर. पण हे तर तुमचंच आहे ना, शाळेतलं? म्हणून तर मी इथं बसते. खाजगी बोर्डाखाली नसते बसले."

त्यांच्या या बोलण्यावर मला उत्तर देता आले नाही. महापालिकेच्या जागेत आहे म्हणजे महापालिकेने तपासलेले असणार, हा त्यांचा समज अगदी रास्त होता. प्रत्यक्षात उलटे घडत होते. खाजगी इमारतीवरील फलकाच्या मालकाला आम्ही नोटिसा काढतो, त्याची कागदपत्रे दहा वेळा पाहतो. आमच्या स्वतःच्या जागेवर मात्र जागामालक आम्हीच, भाडे घेणारे आम्हीच आणि परवाना देणारेही आम्हीच, त्यामुळे विचारणारे कोणी उरतच नाही. कार्यालयात परतल्यावर मी त्या जागेची नस्ती उघडली. स्थैर्य प्रमाणपत्रे तीन वर्षांची होती. तिन्हींतला मजकूर शब्दशः एकच होता, फक्त तारीख बदललेली. तिन्ही ठेकेदाराने नेमलेल्या व त्यानेच पैसे दिलेल्या अभियंत्याची होती आणि नूतनीकरणाच्या दोन टिपणांवर "प्रमाणपत्र सादर, शिफारस करण्यात येते" या शेऱ्याखाली माझी सही होती. भाडे आगाऊ भरलेले असे, थकबाकी नसे, म्हणून ही नस्ती माझ्या टेबलावरून दोन्ही वर्षी एका दिवसात पुढे गेली होती. खांबाच्या पायाशी मी त्याआधी कधीही वाकून पाहिलेले नव्हते.

दुपारी वरिष्ठांचे दोन फोन आले. रीतसर नोटीस द्यावी, ठेकेदाराला दुरुस्तीची संधी द्यावी, उद्दिष्टाच्या वसुलीत याच जागेचा मोठा वाटा आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि कागदावर ते चुकीचेही नव्हते. मी त्यांना फक्त एवढेच सांगितले की, वळवाचे ढग भरून येत आहेत आणि पेचकस आत गेल्याची छायाचित्रे मी पाठवली आहेत. एप्रिल 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे पाच माणसे होर्डिंगखाली मेली, ती वारा-पाऊस आला म्हणून त्याच्याच आडोशाला थांबलेली होती. अर्ध्या तासाने फलक तात्काळ उतरवण्यास तोंडी मंजुरी मिळाली.

खरी कसोटी त्यानंतर लागली. ठेकेदाराची माणसे गॅस कटर घेऊन आली आणि थेट खांबाच्या बुडाशी बसली. खालून कापले की एका तासात काम होते, असे त्यांचा मुकादम म्हणाला. ऑक्टोबर 2018 मध्ये पुण्याच्या जुन्या बाजाराजवळ रेल्वेच्या जागेवरील होर्डिंग काढताना असेच खालून कापले गेले, सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर आला आणि चौघांचा जीव गेला. मी कटर बंद करायला लावला. मुकादमाशी बराच वाद झाला. शेवटी वाहतूक पोलिसांनी चौकाची एक बाजू बंद केली, महावितरणने जवळच्या तारांचा पुरवठा तोडला, रिक्षा हलल्या, बाईंचा गाडा आम्ही तिघांनी ढकलून पलीकडे नेला आणि हायड्रा क्रेन येईपर्यंत साडेचार वाजले.

आधी फ्लेक्स उतरवायचा ठरला, कारण वारा अडतो तो फ्लेक्सवर. उघड्या सांगाड्यातून तो निघून जातो. दोन मुलगे सुरक्षा पट्टे बांधून वर चढले आणि कडेच्या दोऱ्या कापू लागले. निम्मा फ्लेक्स सुटला असेल, तोच पश्चिमेकडून धुळीचा लोट आला. सुटलेला भाग शिडासारखा फुगला आणि तिसऱ्या खांबाची बेसप्लेट माझ्या डोळ्यांदेखत सिमेंटपासून वर उचलली गेली, बोटभर, आणि पुन्हा खाली बसली. तो आवाज लोखंडी फाटक आपटल्यासारखा होता. वरच्या मुलाने ओरडून सगळ्यांना मागे व्हायला सांगितले, उरलेल्या दोऱ्यांवर एकामागून एक पाते फिरवले आणि फ्लेक्स शाळेच्या मैदानात जाऊन पडला. सांगाडा जागेवर थांबला. मे महिन्याची सुट्टी असल्यामुळे मैदानात कोणीही नव्हते. पुढे क्रेनने धरून, वरून एकेक पट्टा कापत, रात्री अकराच्या सुमारास चारही खांब आडवे झाले.

जून महिन्यात लेखा विभागाचे पत्र आले, या जागेचे दुसऱ्या तिमाहीचे भाडे का जमा होणार नाही असे विचारणारे. मी उत्तरासोबत पंचनामा व छायाचित्रे जोडली. त्याच नस्तीत दोन प्रस्ताव मांडले आहेत: महापालिकेच्या जागेवरील प्रत्येक फलकाचे स्थैर्य प्रमाणपत्र महापालिकेनेच नेमलेल्या अभियंत्याकडून, भाड्यातूनच त्याचे शुल्क देऊन घ्यावे, आणि शाळेच्या आवारातील जागा निविदेतून कायमची वगळावी. पहिल्या प्रस्तावाला मान्यता मिळाली. दुसऱ्यावर "उत्पन्नाचा विचार करून फेरसादर करावे" असा शेरा आला. मी तो प्रस्ताव एक ओळही न बदलता, बेसप्लेटच्या छायाचित्रासह, फेरसादर केला आहे.