आमची वाटचाल : सांगली ते जॉलीबॉय

२०११ साली कर्ज काढून एक टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि सांगलीतून अष्टविनायक, गाणगापूर सुरू केलं. अंदमानला पहिला ग्रुप २०१४ला नेला, तो सेल्युलर जेलसाठी. आपली माणसं तिथं सावरकरांची कोठडी बघायला जातात. समुद्र आपला जोडीला.

वांडूर जेटीवरच फजिती झाली. जॉलीबॉय बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि तिथं प्लॅस्टिक पूर्ण बंद. बॅगा उघडल्या, तर निम्म्यांत भडंगाची पाकिटं! सगळी जेटीवर राहिली. बेटावर साधी चहाची टपरी नाही. पुढच्या वर्षी कापडी पिशव्या शिवून घेतल्या, तर खाऱ्या हवेत भडंग सादळलं. आता प्रत्येकाला स्टीलचा डबा, झाकणावर सीट नंबर.

काचेच्या तळाच्या बोटीतून खालचं प्रवाळ बघत एक मावशी म्हणाल्या, "हे तर कोबीचे गड्डे!" चूक नव्हत्या. आमच्या माहितीपत्रकात लाल-निळे फोटो होते, ते मी काढून टाकले. प्रवाळ म्हणजे बारीक जीवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्यांना अन्न देतं आणि बहुतेकांचा तपकिरी रंगही त्याचाच. पाणी फार तापलं की शेवाळ जातं, प्रवाळ पांढरं पडतं. २०१०ला अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि मागून पांढरी वाळू सोडतो, हे सांगितल्यावर पोरं किनाऱ्यावर पाय टेकवेनात!

२०१७ला मात्र घाम फुटला. एका काकांनी देवघरात ठेवायला म्हणून प्रवाळाचा तुकडा टॉवेलात गुंडाळून आणला. विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसला. वाघाला जो वन्यजीव कायदा, तोच प्रवाळालाही. मेलेला तुकडाही आणायचा नाही. विमान सुटता सुटता मिळालं. तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री मी स्वतः बॅगा बघतो. "आम्ही काय चोर आहोत?" म्हणत दोन कुटुंबं कायमची तुटली. तुटू देत.

कोरोनात गाडी विकली, नंतर दुसरी घेतली. अंदमानचं बजेट नसेल त्यांना मालवणला नेतो, तिथंही प्रवाळ आहेत.

परवाच्या सहलीला तेच काका परत आले. मी सांगायच्या आत त्यांनी बॅग पलंगावर उपडी केली. दगड नव्हता. प्लॅस्टिकची दोन पाकिटं होती, भडंगाची.