सीईटीचा फॉर्म भरताना: पीसीएम, पीसीबी की दोन्ही?

बारावी सायन्सच्या घरात हमखास होणारा खर्च म्हणजे ‘असू दे, पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) आणि पीसीबी (गणिताऐवजी बायोलॉजी) दोन्ही ग्रुप भरून टाकू’. 2025 मध्ये एमएचटी-सीईटीचं, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, शुल्क खुल्या वर्गाला एका ग्रुपचं 1000 रुपये, दोन्हींचं 2000. शिवाय नीट 1700, जेईई मेनच्या प्रत्येक सत्राचे वेगळे. कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, नोंदणीचे पैसे पुन्हा निराळे, ते सीईटीच्या फीमध्ये धरलेले नसतात.

एमबीबीएस, बीडीएसला फक्त नीट चालते. पीसीबीची सीईटी त्यासाठी देऊन काही उपयोग नाही. इंजिनिअरिंगला पीसीएम लागतो. बी.फार्मला दोन्हींपैकी कुठलाही ग्रुप चालतो, त्यामुळे केवळ फार्मसीसाठी दुसरा ग्रुप भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

पीसीएममध्ये गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न एकेक गुणाचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईईच्या सवयीने मुलं सोडतात, आणि तिथेच गुण जातात.

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. 95 पर्सेंटाइल म्हणजे 95 टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रातली 95 टक्के मुलं आपल्याइतक्या किंवा कमी गुणांवर आहेत, एवढंच. (शेजारच्या काकांना हे समजावत बसू नका.)

खरी धावपळ दाखल्यांची. ओबीसी, ईडब्ल्यूएससाठी केंद्राचा नमुना वेगळा, राज्याचा वेगळा. जेईई-नीटसाठी काढलेला दाखला राज्याच्या कॅपमध्ये चालेल असं धरून चालू नका. सेतू केंद्रात अर्ज करतानाच दोन्ही मागा.