मोरियरांच्या घरांकडे : हिरेबेणकलची सकाळ

हंपीला चार दिवस जाणार असाल तर त्यातली एक सकाळ हिरेबेणकलच्या डोंगरावरच्या प्राचीन दगडी थडग्यांसाठी काढाच. कोप्पळ जिल्ह्यातलं हे गाव गंगावतीपासून साधारण १० किलोमीटरवर आहे. आम्ही आदल्या रात्री गंगावतीत मुक्काम केला आणि उजाडताच चढायला लागलो. हंपीहून त्याच दिवशी येता येतं, पण मग ऊन चढावरच गाठतं.

गावातला वाटाड्या सोबत घ्या. कातळावर पांढरे बाण आहेत, तरी त्या धोंड्यांमध्ये वाट चुकतेच, आणि या डोंगरांत अस्वलं आहेत. पाणी माणशी तीन लिटर. वर काहीही मिळत नाही.

तासाभराने पठार आलं आणि आम्ही सगळेच गप्प झालो. समोर दगडाची वस्तीच होती. तीन बाजूंना उभ्या फरश्या, वर एक आडवी; काहींच्या दर्शनी फरशीला गोल भोक पाडलेलं. काही गुडघ्याएवढी, काही माझ्या डोक्याच्या वर. महापाषाणयुगातली, म्हणजे मोठमोठ्या दगडांची थडगी उभारण्याच्या काळातली, अशी सुमारे ४०० बांधकामं इथे आहेत, साधारण इ.स.पू. ८०० ते २०० या काळातली. गावकरी त्यांना 'मोरियर मने' म्हणतात. मने म्हणजे घर. मोरियर ही बुटकी माणसं होती, असं आमचे वाटाडे आजोबा सांगत होते. मेलेल्यांसाठी बांधलेल्या जागेला लोकांनी घर म्हणावं, हे मला फार आवडलं.

थडग्यांइतकाच वेळ पायाखालच्या कातळाला द्या. इथला ग्रॅनाइट थराथरांनी सुटतो, म्हणून इतक्या सरळ फरश्या मिळाल्या. शेजारचं तळं म्हणजे त्यांचीच खाण असावी, असं मानतात. तिथून एकेक फरशी लोकांनी खांद्यावर आणली की ओंडक्यांवरून सरकवली, याचा विचार करत मी बराच वेळ काठावर बसले होते. जवळच उंच कातळावर नगाऱ्यासारखा अर्धगोल धोंडा आहे. आजोबांनी तो लाकडाने ठोकला तेव्हा खरंच घुमला.

फरश्यांवर चढू नका, टेकूही नका. कित्येक आधीच कलल्या आहेत. गुप्तधनाच्या आशेने उकरलेली थडगी पाहून जीव तुटतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पावसात कातळ निसरडा होतो. पायात पक्की पकड असलेले बूट हवेत, आणि दहाच्या सुमारास उतरायला लागा, कारण वाटेत सावलीचं झाड जवळजवळ नाही.