तो तपकिरी डाग

पांढऱ्याशुभ्र बर्फाच्या सॅटेलाइट फोटोत एक तपकिरी डाग दिसला म्हणून झूम करत गेले, तर ती एम्परर पेंग्विनची विष्ठा! अंटार्क्टिकात त्यांच्या वसाहती अशाच शोधतात, अवकाशातून, डाग बघून. किती भारी ना.

पण मग पुढचं वाचलं. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या भागात पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ पिल्लं मोठी व्हायच्या आधीच फुटला. त्या वयात अंगावर नुसती मऊ लव असते, पाणी आत शिरतं, पोहता येतच नाही त्यांना.

डाग नाही म्हणजे पिल्लं नाहीत. दुपारपासून हेच डोक्यात फिरतंय.

कुणीतरी नेहमीसारखा पुढचा फोटो उघडला असेल आणि तिथे फक्त काळं पाणी. काय वाटलं असेल त्या माणसाला?