बेम्बेम देवी आणि मैदानाच्या मधली जागा

मुलीची मॅच संपली की घरचे विचारतात, 'किती गोल मारलेस?' पुण्यातल्या शाळांच्या संघांमध्ये म्हणूनच दहा-बारा वर्षांच्या जवळपास प्रत्येक मुलीला फॉरवर्ड व्हायचं असतं. मधल्या जागेवर मग जिला कुठेच बसवता आलं नाही ती उभी राहते. हा हिशेब किती चुकीचा आहे ते कळायला ओइनाम बेम्बेम देवीची कारकीर्द बघावी. भारताच्या महिला संघात ती २१ वर्षं खेळली, आणि खेळली ती मिडफिल्डला, म्हणजे याच मधल्या जागेवर.

जन्म ४ एप्रिल १९८०, इम्फाळ. लहानपणी मुलांच्या खेळात शिरकाव मिळावा म्हणून ती मुलाचं नाव सांगून मैदानात उतरायची. १९९५ साली मलेशियात झालेल्या आशियाई स्पर्धेत गुआमविरुद्ध ती भारताकडून पहिल्यांदा खेळली, तेव्हा वय होतं १५.

भारताच्या महिला फुटबॉलचा पहिला चांगला काळ तोवर मागे पडला होता. १९८३ च्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता होता आणि त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. दुसरी बेम्बेम, थेट २०१७ मध्ये. मधली ३४ वर्षं कोणालाच नाही! बेम्बेम ज्या काळात खेळली तो काळ कसा होता, हे या एका आकड्यावरून कळतं.

१९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत चीनने भारताला १६-० असं हरवलं. असा स्कोअर दिसला की लोक गोलकीपर आणि बचावफळीला बोल लावतात. पण गोलांची अशी रांग लागते तेव्हा खरा प्रश्न बहुतेक वेळा मध्ये असतो. बचावातली मुलगी चेंडू जिवाच्या आकांताने लांब मारते, तो प्रतिस्पर्ध्याच्या पायात पडतो आणि दहा सेकंदांत पुढचा हल्ला येतो. बचावफळीला पेनल्टी बॉक्समधून बाहेर यायलाच मिळत नाही. मध्ये कोणी तो चेंडू तीन-चार सेकंद जरी पायात ठेवला, तर मागच्या चौघी दहा-पंधरा मीटर वर सरकतात आणि दम घेतात. मिडफिल्डरचं पहिलं काम हे. गोलसाठी पास देणं त्याच्या नंतर येतं.

चेंडू ठेवता येणं ताकदीवर कमी आणि मानेवर जास्त अवलंबून असतं. चेंडू पायाशी येण्याआधी मागे कोण आहे ते बघितलेलं असावं लागतं. हे शिकवायला तीन मुली आणि एक चेंडू पुरतो. तिघींना एका रेषेत उभं करा, दोन टोकांमध्ये २० मीटर अंतर, तिसरी बरोबर मध्ये. एका टोकाची पास देते. मधलीच्या मागे, दुसऱ्या टोकाला असलेली मुलगी हाताची बोटं वर धरते आणि दर वेळी आकडा बदलते. मधलीने चेंडू घेण्याआधी मान वळवून तो आकडा मोठ्याने सांगायचा. मग अंग अर्धवट वळवून, लांबच्या पायाने, म्हणजे पास देणारीपासून दूर असलेल्या पायाने, चेंडू घ्यायचा आणि दुसऱ्या टचला पुढे द्यायचा. एका मुलीला ४५ सेकंद, मग तेवढीच विश्रांती, अशा सहा ते आठ फेऱ्या.

यात तीन चुका हमखास होतात. पहिली, मान उशिरा वळते. पास सुटल्यावर मागे बघितलं की चेंडू नजरेतून निसटतो आणि टच बिघडतो. समोरची चेंडू पायाशी सावरत असतानाच बघून घ्यायचं, आणि पास निघताना नजर पुन्हा चेंडूवर. दुसरी, मुलगी पास देणारीकडे छाती करून उभी राहते. अशा वेळी चेंडू जवळच्या पायाने घ्यावा लागतो आणि वळायला दोन टच जादा जातात. तिसरी चूक पास देणारीची असते: ती सरळ पायावर देते. लांबच्या पायाच्या बाजूला, अर्धा मीटर पुढे दिला तर वळणं आपोआप घडतं.

आपल्याकडच्या मुरमाड मैदानांवर चौथी अडचण येते, चेंडू उसळतो. नियमाप्रमाणे पाच नंबरच्या चेंडूत हवा साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालते. दुकानदार पंपाने टम्म भरून देतो. मुरमावर सरावाला नऊच्या आसपास ठेवा, चेंडू पायाखाली राहतो. बारा वर्षांखालच्या मुलींना चार नंबरचा चेंडू द्या. बुटाला लांब स्टड नकोत. कडक जमिनीत ते रुतत नाहीत आणि सगळा भार टाचेवर व गुडघ्यावर येतो. बारीक रबरी गोळ्यांचा टर्फ बूट बरा. बूट मुलांच्या मापाचा घेतला असेल तर टाच आत सरकते का ते बघा, मुलींचा पाय बहुतेकदा टाचेकडे अरुंद असतो.

बेम्बेमच्या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड टप्पा पराभवांचा नव्हता, सामनेच नसण्याचा होता. १८ महिने एकही आंतरराष्ट्रीय सामना न झाल्याने २००९ मध्ये भारताचं नाव फिफाच्या महिला क्रमवारीतून गेलं. महिलांची राष्ट्रीय लीग तेव्हा नव्हती. मणिपूरसाठी राष्ट्रीय स्पर्धा, मणिपूर पोलिसांची नोकरी आणि रोजचा सराव, एवढ्यावर खेळ टिकवायचा होता. तिने तो टिकवला. २०१० मध्ये ढाक्याला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण, मग २०१०, २०१२ आणि २०१४ अशी दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेची ओळीने तीन विजेतेपदं. २०१४ मध्येच ती मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून खेळली. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिलाँगला नेपाळला ४-० हरवून पुन्हा सुवर्ण मिळालं आणि तिथे तिने भारताकडून खेळणं थांबवलं, छत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

इतकी वर्षं खेळायचं तर गुडघे शाबूत हवेत. मुलींमध्ये गुडघ्यातल्या एसीएल लिगामेंटची (हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची) दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते, तीही अनेकदा धक्का न लागता, उडी मारून उतरताना किंवा झटकन वळताना गुडघा आत झुकल्यामुळे. फिफाचा 'इलेव्हन प्लस' वॉर्मअप यासाठीच आहे: ८ मिनिटं हलकं धावणं, १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी २ मिनिटं वेगाने धावणं. आठवड्यातून किमान दोनदा करायचा. वेळ कमी पडला की मधली दहा मिनिटं गाळतात, आणि नेमकी तीच महत्त्वाची.

महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली २०१६-१७ च्या मोसमात. अंतिम टप्प्यातल्या सहा संघांत आपला एफसी पुणे सिटीही होता. जिंकला मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, आणि त्या संघात बेम्बेम खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही भूमिकांत होती. पुणे सिटी क्लब २०१९ मध्ये बंद पडला. २०२२ चा महिलांचा आशिया चषक मात्र पुण्यातल्या बालेवाडीतही झाला. चीन-जपान उपांत्य सामना पेनल्टीवर गेला तो इथेच. भारताला त्याआधीच कोविडमुळे बाहेर पडावं लागलं होतं.

पुढच्या मॅचला मुलीचे गोल मोजू नका. तिच्याकडे येणारे पहिले दहा पास मोजा, आणि त्यातल्या किती वेळा चेंडू पोहोचायच्या आधी तिची मान वळली ते वहीत लिहा. महिन्याने पुन्हा दहा मोजा, आणि दोन्ही आकडे तिला दाखवा.