मुनीमजींनी काहीच दाबलं नव्हतं

दसरा-दिवाळीच्या मधला आठवडा. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात. सकाळी सव्वानऊला एका आडत दुकानातून शेठचा फोन: "ओ साहेब, तुमचं सॉफ्टवेअर पट्ट्या खायलंय."

त्या दुकानातली हिशेबपट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विकल्या मालाचा हिशेब, मी केलेल्या वेब अॅपवर निघते. यादीच्या पानावर पन्नास नोंदी, प्रत्येकीपुढे लाल अक्षरात ‘काढा’. कालच्या नोंदी गायब होत्या. मी सवयीनं बोलून गेलो, "कुणीतरी दाबलं असेल." शेठनं फोन तसाच चालू ठेवून मुनीमजींना झापलं. मागे पट्टीसाठी थांबलेले शेतकरी होते, त्यांची कुजबुज मला ऐकू आली.

दुकानात जाऊन सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची वही, उघडला. 9 वाजून 2 मिनिटांनी, दोन सेकंदांत, ‘काढा’च्या पन्नास विनंत्या. ‘नक्की काढायचं का?’ असं विचारणारी खिडकी मी ठेवलेली. ती पन्नास वेळा दोन सेकंदांत कोण ओके करणार?

दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. यादीचं पान उघडलं की ते मागच्या मागे सर्व्हरला आजची एकूण आवक विचारतं. नोंद काढली की सर्व्हर परत यादीवर पाठवतो, म्हणजे पन्नास वेळा यादी गेली होती. पण आवकेची विनंती त्या पन्नासांपैकी एकदाही आली नव्हती. पानं मागवली गेली, पण कुणासमोर उघडलीच नाहीत. पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये चालणारा कोड, जावास्क्रिप्ट, चाललाच नाही, मग माझी खिडकी तरी कुठून येणार!

9 वाजून 5 मिनिटांनी पुन्हा पन्नास. 9 वाजून 8 मिनिटांनी आणखी पन्नास. नोंदी दिसेनात म्हणून मुनीमजी रिफ्रेश मारत होते, आणि दर रिफ्रेशला समोर आलेल्या पुढच्या पन्नास नोंदी जात होत्या.

ब्राउझरमध्ये ‘इंटरनेट फास्ट’ करणारं एक्स्टेंशन सापडलं. आदल्या रात्री शेठच्याच पोरानं टाकलेलं. पानावरच्या लिंका ते आधीच आणून ठेवतं, म्हणजे क्लिक केल्यावर वाट बघायला नको. लॉगिन मुनीमजींचंच, त्याची ओळख सांगणारी कुकी सोबत जाणार, सर्व्हरला वाटणार मुनीमजीच आले.

एक्स्टेंशनची चूक नाही. लिंक उघडली की जाते ती ‘गेट’ विनंती. ती फक्त आणण्यासाठी, तिनं काही बदलू नये, हे 1999 च्या एचटीटीपी मानकातच आहे. 2005 साली गुगलच्या वेब अॅक्सिलरेटरनं असंच लिंका आधीच उघडून लोकांचा डेटा उडवला होता, तेव्हा गाजलंही होतं. मला ही गोष्ट पाठ होती. तरी ‘काढा’ ही साधी लिंक ठेवली, कारण फॉर्मचं बटण यादीत वाकडं दिसत होतं. फ्रेमवर्कनं आयतं दिलेलं लॉगआउट मात्र ‘पोस्ट’वर, म्हणजे बदल करण्यासाठीच्या विनंतीवर, होतं. ते तरी लिंक असतं तर एक्स्टेंशननं मुनीमजींना लॉगआउट केलं असतं आणि कदाचित बऱ्याच पट्ट्या वाचल्या असत्या!

पुण्यातला एक मित्र म्हणाला, "लिंकला टोकन जोड, संपलं." टोकन म्हणजे सर्व्हरनं पानासोबत दिलेला गुप्त कोड. पुण्यातून असे सल्ले फुकट येतात. टोकन लिंकमध्येच असेल तर आधीच आणणारा तेही घेऊनच जाणार की.

रात्री दोनच्या बॅकअपमधून एकशे शेहेचाळीस नोंदी परत आणल्या. सकाळच्या चार मुनीमजींच्या कार्बन कॉपीवरून भरल्या. ती कॉपी बंद करा म्हणून मीच सहा महिने मागे लागलो होतो.

आता ‘काढा’ हे टोकनसकट पोस्टचं बटण आहे. गेटनं कुणी आलं तर सर्व्हर 405, म्हणजे ‘ही पद्धत चालत नाही’, असं उत्तर देऊन परत पाठवतो. नोंद खरी पुसत नाही, फक्त खूण पडते. विनंती मागच्या मागे जाते, पण सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ओळ पडद्यावर फिकी होऊन थांबते. मोंढ्यात नेट कधीही जातं. ओळ आधीच नाहीशी केली तर नोंद निघाल्याचा भास होतो आणि संध्याकाळी ती पुन्हा उगवते.

शेठला मी सगळं समजावलं. "बरं बरं, झालं ना चालू," म्हणाले. पोराला काही बोलले नाहीत. मुनीमजींनाही नाही.

परवा गेलो होतो. मुनीमजी पट्टी करत होते. यादी अडकली तसा त्यांचा हात माऊसवरून उठला, आणि शेठकडे बघत त्यांनी विचारलं, "रिफ्रेश मारू का?"